मँचेस्टरला एक खोली गार, बाकीचं घर तापतंय : रेडिएटरचं कुणाला कळतं का?

दादरची_माई
मंडळी, प्रश्न मुंबईतला नाही, पण विचारणारी दादरची आहे आणि उत्तर देणारे इथेच भेटतील असं वाटलं, म्हणून धागा काढते.

लेक मँचेस्टरला असतो, मित्रांबरोबर भाड्याच्या घरात. घर जुनं, विटांचं, दुमजली. स्वयंपाकघराच्या भिंतीवर गॅसचा बॉयलर, तिथून गरम पाण्याचे पाइप घरभर आणि सात रेडिएटर. खालचा पॅसेज आणि रस्त्याकडची बैठक इतकी तापते की पोरं खिडकी उघडून बसतात. वरच्या मजल्यावर मागे लेकाची खोली, तिथला रेडिएटर मात्र कोमटच्या पुढे जात नाही. पॅसेजमधला थर्मोस्टॅट वाढवला तर बैठक आणखी तापते, ही खोली आहे तिथेच. घरमालक फोनवर म्हणाला, "हवा काढा." त्यासाठी छोटी चावी मिळते, ती आणून हवा काढली. काही फरक नाही.

पोरगा बँकेत कामाला, पाना कुठल्या बाजूने धरायचा हे त्याला सांगावं लागतं. मी निदान घरातल्या फ्लशच्या टाकीचं काम स्वतः करते. तेव्हा मला कळेल असं सांगा, व्हिडिओ कॉलवर त्याच्याकडून करून घेईन.

गिरगावकर_नाना
माई, सांताक्रूझला पारा सगळ्यात खाली गेला तो २२ जानेवारी १९६२ ला, ७.४ अंशांवर. आम्ही तेव्हा शाळेत होतो आणि गोधडीवर भागलं. त्यामुळे या विषयात आमचा पास. जाणकार येईपर्यंत खुर्ची धरून बसलोय.

परतलेला_पार्लेकर
माई, नोकरीपायी ब्रॅडफर्डला बरीच वर्षं होतो, असल्याच घरात. घरमालकांचं "हवा काढा" हे उत्तर तिकडे ठरलेलंच. कधीकधी बरोबरही असतं. पण आधी हात लावून बघायला सांगा. घर तापलेलं असताना त्या रेडिएटरवर वरून खाली हात फिरवायचा.

वरचा भाग गार आणि खालचा गरम, तर आत हवा धरली आहे. वरचा गरम पण खाली मधोमध गार, तर तळाला गाळ बसलाय. अख्खा थंडगार असेल तर बहुतेक व्हॉल्व्ह अडकलाय. आणि सगळीकडे सारखाच कोमट असेल तर पाणी पोचतंय, पण पुरेसं पोचत नाही.

शिवाय दोन गोष्टी बघून सांगा. बॉयलरवरच्या प्रेशरच्या काट्याचा आकडा काय आहे? आणि रेडिएटरच्या दोन टोकांना जे दोन पाइप येतात, त्यांतला कुठला किती गरम आहे? बैठकीतल्या रेडिएटरचंही हेच बघायचं. जपून, चटका बसतो.

दादरची_माई
विचारलं. काटा १.३ वर आहे. लेकाच्या खोलीतला वर-खाली सारखाच कोमट. एक पाइप बऱ्यापैकी गरम, दुसरा जवळजवळ गार. बैठकीत मात्र दोन्ही पाइपांना हात लावून ठेवता येत नाही, दोन्ही सारखेच तापलेले. हवा काढताना लगेच पाणीच आलं, फुस्स असा आवाजही झाला नाही म्हणे.

परतलेला_पार्लेकर
मग हवा नाही. काटाही ठीक आहे, सिस्टीम गार असताना १ ते १.५ बार हवं. आता आपले वातानुकूलनवाले साहेब आले तर बरं, त्यांचा प्रांत आहे हा.

चिल्डवॉटरवाला
आलो. माई, मी उलट्या धंद्यातला. लोअर परळ, बीकेसीच्या टॉवरमध्ये चिल्ड वॉटरचं बॅलन्सिंग करतो, म्हणजे एसीचं गार पाणी सगळ्या खोल्यांना नीट वाटून देतो. आमच्याकडे पाणी ७ अंशांनी निघतं आणि १२ नी परत येतं, तुमच्या लेकाकडे ६५-७० नी निघत असेल. बाकी पाइप, पंप, व्हॉल्व्ह आणि तक्रारी सगळं तेच. आमच्याकडे रायझरजवळच्या, म्हणजे उभ्या मुख्य पाइपाजवळच्या, केबिनमधली माणसं स्वेटर घालून बसतात आणि टोकाच्या कॉन्फरन्स रूममध्ये सगळे घामाघूम. तिथला माणूस म्हणतो, आमचं युनिट खराब आहे, बदला. युनिटला काही झालेलं नसतं.

इथेही तेच. लेकाच्या रेडिएटरमध्ये दोष नाही, दोष बैठकीतल्या आणि पॅसेजमधल्या रेडिएटरमध्ये आहे. म्हणजे तेही बिघडलेले नाहीत, त्यांना फक्त नको तितकं पाणी मिळतंय.

बॉयलरमधून गरम पाण्याचा एक पाइप निघतो, तो फ्लो. परतीचा एक, तो रिटर्न. प्रत्येक रेडिएटर या दोघांच्या मध्ये जोडलेला असतो. पाण्याला पंपापासून निघून पंपापर्यंत परत यायचं असतं आणि ज्या वाटेत घर्षण कमी तिकडून ते जास्त जातं. जवळच्या रेडिएटरची वाट आखूड. सगळे व्हॉल्व्ह सताड उघडे असले की बहुतेक पाणी तिथूनच धावून परत येतं. बैठकीतले दोन्ही पाइप सारखेच गरम आहेत, ही त्याचीच खूण. पाणी इतक्या वेगाने जातंय की उष्णता टाकायला त्याला वेळच मिळत नाही. उलट लेकाच्या खोलीत थोडंसंच पाणी येतं, ते तिथे सगळी उष्णता टाकतं आणि गार होऊन परततं.

आकड्यात सांगायचं तर खोलीला १ किलोवॉट उष्णता द्यायची आणि पाणी रेडिएटरमधून जाताना २० अंशांनी उतरत असेल, तर मिनिटाला पाऊण लिटरच्या आत काम भागतं. तेच पाणी फक्त ४ अंश उतरत असेल, तर तेवढ्याच उष्णतेसाठी मिनिटाला साडेतीन लिटरच्या वर पाणी लागतं. बैठकीतला रेडिएटर हेच करतोय.

ठाकुर्लीकर
साहेब, माझ्या मते पंपाचा प्रॉब्लेम आहे. खोली वरच्या मजल्यावर आहे ना? पंपाला पाणी वर ढकलता येत नसणार. आमच्या बिल्डिंगमध्ये वरच्या मजल्याला पाणी येत नव्हतं, बूस्टर बसवला आणि प्रश्न मिटला. पंपाचा स्पीड वाढवायला सांगा.

चिल्डवॉटरवाला
नाही हो. बिल्डिंगचं पाणी आणि हे पाणी यात एक मोठा फरक आहे. बिल्डिंगमध्ये पाणी नळातून बाहेर पडतं, म्हणून उंची मोजावी लागते. गच्चीवरच्या टाकीपासून दर १० मीटर खाली गेलं की साधारण १ बार प्रेशर वाढतं. म्हणून तळमजल्याला नळ फुटेल असं पाणी आणि टाकीखालच्या मजल्याला करंगळीएवढी धार.

बॉयलरचं सर्किट बंद असतं. तेच पाणी फिरतं, बाहेर कुठे पडत नाही. वर जाणाऱ्या पाइपातल्या पाण्याचं वजन खाली येणाऱ्या पाइपातलं पाणी तोलून धरतं. पंपाला पाणी उचलावं लागत नाही, फक्त पाइपांचं घर्षण भागवावं लागतं. चाळीस मजली टॉवरमध्येही चिल्ड वॉटरच्या पंपाचं हेड, म्हणजे त्याने किती दाब द्यायचा ते, इमारतीच्या उंचीवरून काढत नाहीत, याच कारणाने. अट एकच, सर्किट पूर्ण भरलेलं हवं. काटा १.३ वर आहे, म्हणजे दुमजली घराला आरामात पुरतं.

स्पीडचं म्हणाल तर पंप जोरात चालवला की सगळीकडचं पाणी सारख्याच प्रमाणात वाढतं. वाटणी तीच राहते. बैठकीला आणखी मिळेल, पाइपांत सूं-सूं आवाज येईल आणि लेकाच्या खोलीत जेमतेम फरक पडेल.

गिरगावकर_नाना
पण आमच्याकडे बूस्टर न बसवताही काम झालं होतं. सोसायटीच्या प्लंबरने पहिल्या-दुसऱ्या मजल्याचे वॉल थोडे पिळले आणि वरच्या मजल्याला धार आली. खालचे महिनाभर भांडले, मग त्यांनाच कळलं की त्यांची बादली पूर्वीसारखीच भरते.

चिल्डवॉटरवाला
नाना, लाखाची गोष्ट बोललात. कारण वेगळं पण इलाज हाच. जिथे कमी पडतंय तिथे काही करायचं नाही, जिथे जास्त जातंय तिथे पिळायचं. आणि "आमचं कमी होईल" ही भीतीही इथे खोटी ठरते. समजा रेडिएटरमध्ये पाणी ७५ नी येतंय, ६५ नी जातंय, खोली २० अंशांवर आहे. पाणी निम्मं केलं तर ते साधारण ५७ नी परत जाईल आणि उष्णता जेमतेम दहा टक्क्यांनी घटेल. म्हणजे बैठकीला कळणारही नाही आणि वाचलेलं पाणी मागच्या खोलीला मिळेल.

दादरची_माई
हे समजलं. पिळायचं कुठे? लेक म्हणतो रेडिएटरच्या एका टोकाला १ ते ५ आकड्यांचं गोल बटण आहे आणि दुसऱ्या टोकाला नुसती पांढरी प्लास्टिकची टोपी. टोपी गोल-गोल फिरते, होत काहीच नाही.

परतलेला_पार्लेकर
ती टोपीच आपल्या कामाची. आकडेवालं बटण म्हणजे टीआरव्ही (थर्मोस्टॅटिक रेडिएटर व्हॉल्व्ह), खोलीचं तापमान बघून तो आपोआप कमी-जास्त होतो. टोपीच्या आत लॉकशील्ड व्हॉल्व्ह असतो. येताजाता कुणी फिरवू नये म्हणूनच त्यावर नुसती फिरणारी टोपी घालतात. ती वर ओढली की निघते, कधी आत छोटा स्क्रू असतो. खाली पितळी दांडा दिसेल, तो छोट्या पान्याने फिरतो. घड्याळाच्या दिशेने बंद, उलट उघडा.

आता सुट्टीच्या दिवशी सकाळी, घर गार असताना सुरू करा. सगळे टीआरव्ही पूर्ण उघडे, ५ वर. मग एकेक लॉकशील्ड बंद होईपर्यंत फिरवायचा आणि किती फेरे लागले ते रेडिएटरप्रमाणे लिहून ठेवायचं. काही बिनसलं तर पूर्वीच्या जागी परत आणता येतं, आणि घर भाड्याचं आहे हे विसरू नका. लिहून झालं की सगळे पूर्ण उघडायचे. बॉयलर लावा आणि कुठला रेडिएटर आधी तापतो, कुठला नंतर, तो क्रम टिपा. पोरं तीन असतील तर एक खाली, एक वर, एक जिन्यात उभा करा.

क्रम मिळाला की सगळ्यात आधी तापलेल्यापासून सुरुवात. तो लॉकशील्ड पूर्ण बंद करायचा आणि फक्त पाव फेरा उघडायचा. दहा-पंधरा मिनिटं जाऊ द्यायची, मग दोन्ही पाइपांचं तापमान मोजायचं. फरक जास्त असेल तर किंचित उघडा, कमी असेल तर किंचित बंद करा. मग क्रमातला पुढचा. शेवटचा, म्हणजे लेकाचा, बहुधा पूर्ण उघडाच राहील. एवढं झालं की सगळ्यांवरून पुन्हा एक फेरी मारायची, कारण एक पिळला की बाकीच्यांचं पाणी हलतं. घाई करणाऱ्याचं काम नाही हे. मधे चहा होतो, जेवणही होतं.

दांडा अडला तर जोर लावायचा नाही. जुन्या व्हॉल्व्हची पॅकिंग सुकलेली असते, फिरवल्यावर दांड्याच्या कडेने थेंब येऊ शकतात. दांड्याखालचं नट अगदी हलकेच आवळलं की बहुतेक वेळा थांबतात. आणि बॉयलरच्या कव्हरला हात लावायचा नाही. गॅसचं काम तिकडे 'गॅस सेफ'च्या नोंदणीतल्या माणसानेच करायचं असतं, २००९ पासून हीच नोंदणी चालते. रेडिएटरच्या व्हॉल्व्हला ती अट नाही.

ठाणेकर_निशा
पार्लेकर, फरक नेमका किती आणायचा? मी शोधलं तर कुणी ११ म्हणतं, कुणी २०.

परतलेला_पार्लेकर
दोन्ही खरे. जुने बॉयलर ८२ अंशांनी पाणी सोडून ७१ नी परत घ्यायचे, म्हणून ११. आताचे कंडेन्सिंग बॉयलर २० च्या फरकावर चालवायचे असतात. इंग्लंड-वेल्समध्ये २००५ पासून नवीन बॉयलर जवळजवळ सगळे कंडेन्सिंगच बसतात, त्यामुळे माईंच्या लेकाकडे तोच असणार. बाहेरच्या भिंतीतून प्लास्टिकचा पांढरा नळकांडा निघत असेल आणि थंडीत वाफेचा लोट दिसत असेल तर नक्कीच.

चिल्डवॉटरवाला
२० चं कारण सांगतो, कारण यात पैसे आहेत. गॅस जळला की धुरात पाण्याची वाफ असते. रिटर्नचं पाणी साधारण ५५ अंशांच्या खाली असेल तरच बॉयलरमध्ये त्या वाफेचं पाणी होतं (हेच कंडेन्सिंग) आणि तिची उष्णता फिरणाऱ्या पाण्याला मिळते. बैठकीतून ६४ अंशांचं पाणी धावत परत येत असेल, तर कंडेन्सिंग बॉयलर कंडेन्स करतच नाही, ती उष्णता धुराबरोबर बाहेर जाते. म्हणजे एक खोली गार आणि बिलही जास्त. आमच्याकडे याला लो डेल्टा-टी, म्हणजे जाणाऱ्या-येणाऱ्या पाण्यातला कमी फरक, म्हणतात आणि चिलरवाले त्यावरून रोज डोकं धरून बसतात.

पण माई, २० च्या आकड्यामागे हात धुऊन लागू नका. बॉयलर ६० नी पाणी सोडत असेल तर सगळीकडे २० मिळणार नाही. सगळ्या रेडिएटरमध्ये फरक साधारण सारखा आला, मग तो १५ असो की १८, तरी काम झालं. इंटरनेटवर लोक अर्ध्या अंशासाठी दिवस घालवतात, त्यात काही राम नाही.

ठाणेकर_निशा
मग सरळ बैठकीतला आणि पॅसेजमधला बंदच केला तर? पाणी आपोआप मागे जाईल.

परतलेला_पार्लेकर
बैठकीतला बंद करून बघता येईल, पण मग संध्याकाळी तीन पोरं बसणार कुठे? पॅसेजमधला मात्र अजिबात बंद करायचा नाही. थर्मोस्टॅट तिथे आहे, माईंनी पहिल्याच पोस्टमध्ये लिहिलंय. मला तर वाटतं अर्धी गडबड तिथेच आहे. पॅसेज झटकन तापतो, थर्मोस्टॅट म्हणतो झालं, बॉयलर बंद. तोपर्यंत मागच्या खोलीत पाणी कोमटच झालेलं असतं. पॅसेजचा लॉकशील्ड चांगला पिळला की पॅसेज हळू तापेल, बॉयलर जास्त वेळ चालेल आणि टोकापर्यंत उष्णता जाईल.

त्याचा टीआरव्हीही, असलाच तर, पूर्ण उघडा ठेवायचा. नाहीतर थर्मोस्टॅट आणि टीआरव्ही एकमेकांशी भांडत बसतात. शिवाय सगळे टीआरव्ही एकदम मिटले तरी पाण्याला फिरायला एक वाट राहायला हवी.

दादरची_माई
पुढच्या सुट्टीला करतो म्हणाला. तापमान मोजायचं कशाने? ताप बघायचं थर्मामीटर नेलंय मी दिलेलं.

चिल्डवॉटरवाला
ते ४२ अंशांच्या पुढे जात नाही हो माई, वाया जाईल. पाइपाला चिमट्याने लावायचे दोन साधे थर्मामीटर मिळतात, ते घ्यायला सांगा. लेझरची बंदूक आणली तर पाइपावर आधी काळी चिकटपट्टी गुंडाळा आणि तिच्यावर नेम धरा. चकचकीत तांब्यावर त्या बंदुकीचा आकडा चुकीचा येतो, खरा ६० असला तरी खूपच कमी दाखवते.

गिरगावकर_नाना
अवांतर : पोरं कपडे त्या रेडिएटरवरच वाळत घालतात ना? माझ्या भाच्याच्या खोलीत भिंतीला बुरशी धरली होती. आपल्याकडच्या जुलैसारखी.

परतलेला_पार्लेकर
अवांतर नाही नाना, मुद्द्याचं आहे. ओले कपडे टाकले की उष्णता त्यांतच जाते आणि ती वाफ गार भिंतीवर थिजते. गार खोलीत तर आधी. लेकाच्या रेडिएटरसमोर कॉट किंवा लांब पडदा असेल तर तोही हलवायला सांगा.

दादरची_माई
झालं बरं का! अख्खी सकाळ फोन भिंतीला टेकवून बसले होते, इथे कुकरच्या शिट्ट्या आणि तिथे पोरांची पळापळ.

पॅसेजचा आधी तापला, मग बैठक, मग स्वयंपाकघर, मग वरच्या खोल्या आणि सगळ्यात शेवटी लेकाची. पॅसेजचा लॉकशील्ड अर्ध्या फेऱ्यालाही कमी उघडा ठेवलाय, बैठकीचा साधारण अर्धा. लेकाचा पूर्ण उघडा. आता बैठकीत येताना ६६ आणि जाताना ५०. लेकाच्या खोलीत ६४ आणि ४६. खोली तापली. पहिल्यांदाच पायमोजे काढून झोपला म्हणाला.

पण एक नवीनच निघालं. स्वयंपाकघरातला रेडिएटर वर गरम आहे आणि खाली मधोमध गार. बाकी सगळं ठीक. त्याच्या बाजूचा लॉकशील्ड फिरवताना दोन थेंब आले, ते शाईसारखे काळे.

परतलेला_पार्लेकर
वा! आकडे छान आलेत. काळं पाणी म्हणजे गाळ. लोखंडी रेडिएटर आतून गंजतात, त्याचा बारीक काळा चुरा होतो, मॅग्नेटाइट. चुंबकाला चिकटतो. तो तळाशी बसला की पाणी वरून निघून जातं आणि खालचा भाग गार राहतो. बॅलन्सिंगने हे जाणार नाही. रेडिएटर काढून बाहेर नेऊन धुवावा लागतो किंवा सगळी सिस्टीम मशिनने फ्लश करावी लागते. नंतर बॉयलरच्या रिटर्नला चुंबकाचा फिल्टर बसवायचा आणि पाण्यात गंज रोखणारं रसायन घालायचं. ते काम पोरांनी करू नये, काळं पाणी गालिच्यावर सांडलं तर डाग जन्मात निघत नाही आणि डिपॉझिट जाईल. घरमालकाला सांगा.

आणि एक. गंज चालू असला की आत हायड्रोजनही तयार होतो. एखाद्या रेडिएटरमधून वरचेवर हवा काढावी लागत असेल तर ती नेहमीची हवा नसू शकते. काढताना जवळ लायटर, मेणबत्ती नको.

मुलुंडचे_वकील
घरमालकाचं मी सांगतो, नातेवाइकाच्या प्रकरणात हे वाचावं लागलं होतं. इंग्लंडमध्ये १९८५ च्या लँडलॉर्ड अँड टेनंट ॲक्टचं कलम ११ आहे. सात वर्षांहून कमी मुदतीच्या निवासी भाडेकरारात खोल्या तापवायची आणि पाणी तापवायची यंत्रणा दुरुस्त आणि चालू ठेवणं ही घरमालकाची जबाबदारी, करारात काहीही लिहिलेलं असलं तरी. गॅसच्या उपकरणांची दर बारा महिन्यांनी तपासणीही त्यालाच करून घ्यावी लागते आणि तिचा दाखला भाडेकरूला द्यावा लागतो.

फोनवर बोलत बसू नका, ईमेल करा. "स्वयंपाकघरातला रेडिएटर खाली गार आहे, पाणी काळं आहे, फोटो जोडला आहे, अमुक तारखेपर्यंत माणूस पाठवा." एवढंच. लॉकशील्डचे पूर्वीचे फेरे लिहिलेला कागद जपून ठेवायला सांगा.

दादरची_माई
ईमेल मी इथूनच तयार करून दिली, त्याने इंग्रजी नीट केलं. उत्तर आलंय, माणूस पाठवतो म्हणून. पार्लेकर, तो माणूस फ्लश करून गेल्यावर हे सगळं पुन्हा मोजावं लागेल का?

परतलेला_पार्लेकर
हो. गाळ गेला की त्या रेडिएटरची वाट मोकळी होईल आणि तो जास्त पाणी घेईल. मोजायचं सगळीकडे, पण पिळावा लागेल बहुतेक तेवढाच. आणि पाणी बदललं की थोडी हवा येतेच, तेव्हा चावी हाताशी ठेवा. हवा काढल्यावर काटा १ च्या खाली गेला तर फिलिंग लूपने (नळाचं पाणी सिस्टीममध्ये भरायची जोडणी) पाणी भरून १.३ ला आणायचा. लूपचे दोन्ही कॉक नंतर घट्ट बंद करायला विसरायचं नाही, नाहीतर प्रेशर चढत जातं आणि ३ बारला सेफ्टी व्हॉल्व्ह उघडून बाहेर पाणी गळायला लागतं.

ठाकुर्लीकर
पंपाचं मी मागे घेतो. आता चिल्डवॉटरवाले साहेबांना माझा प्रश्न. आमच्या सोसायटीत गच्चीवर सोलरचं गरम पाणी आहे. वरच्या दोन मजल्यांना कढत येतं आणि खालच्यांना बादलीभर गार पाणी सोडून दिल्यावर कुठे कोमट. हेही बॅलन्सिंगच का?

चिल्डवॉटरवाला
असेलही, नसेलही. खालच्या मजल्यापासून गच्चीपर्यंत परतीची लाइन आणि छोटा पंप असेल तर बॅलन्सिंग बघता येईल. परतीची लाइनच नसेल तर ते गार पाणी म्हणजे रात्रभर पाइपात उभं राहिलेलं पाणी, आणि ते कुठलाही वॉल पिळून गरम होणार नाही. वेगळा धागा काढा. त्यात परतीची लाइन आहे की नाही, उभ्या पाइपावर इन्सुलेशन शिल्लक आहे की उन्हाने झडून गेलंय आणि सकाळी पहिला नळ कितव्या मजल्यावर उघडतो, एवढं लिहा.

ठाकुर्लीकर
काढतो. इन्सुलेशन झडलंय हे गच्चीवर न जाताही सांगतो, आमच्याच खिडकीत पडतं.